ऑईल पंप काढून मिक्स पेट्रोलवर आणलेलं आऊटबोर्ड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आऊटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. हे यामाहाचं जुनं तीन सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, ऑईल इंजेक्शनवालं, म्हणजे वेगळ्या टाकीतलं तेल पंपाने आपोआप इंजिनात सोडणारं. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणात पवनीकडच्या अंगाला फायबरच्या बोटीवर चालतं. नोव्हेंबरात ऑईल पंप काढला, तेव्हापासून तेल पेट्रोलमध्येच मिसळतो. जूनअखेर साधारण दीडशे तास भरले, इंजिन ठणठणीत आहे. तरीही ज्यांचा पंप नीट चालतो त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून तो काढू नये. चालू पंप थ्रॉटल बघून तेल देतो, हळू चालताना कमी आणि फुल थ्रॉटलला जास्त. मिक्समध्ये ती सोय नाही.

पंप काढायचं खरं कारण एकच, त्याच्यावरचा भरवसा उडणं. जुन्या नळ्या कडक होऊन तडकतात, लाईनमध्ये हवा शिरते, पंप फिरवणारा गिअर झिजतो. धोक्याची सूचना देणाऱ्या बझरला यातलं काहीच कळत नाही. तो फक्त तेलाच्या टाकीतली पातळी बघतो. टाकी भरलेली आणि पंप मेलेला असेल तर बझर न वाजता इंजिन सीझ होतं, म्हणजे आतून जाम होतं. म्हणून आधी तपासा. तेलाच्या टाकीवर पातळीशी मार्करने रेघ मारा, २४ लिटरची एक टाकी पेट्रोल जाळा. या तपासणीपुरतं पेट्रोल मिक्सच ठेवा. तेल रेघेखाली उतरलंच नाही तर पंप गेला. त्याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाबही मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ पीएसआयहून जास्त कमी भरत असेल, तर आधी इंजिन उघडा. पंप काढून ते नुकसान भरत नाही.

पंप नुसता कोरडा फिरत ठेवायचा नाही. तेलाशिवाय तोच जाम होतो आणि गिअरचा चुरा करतो. पंप, त्याला फिरवणारा गिअर आणि कार्ब्युरेटरकडून येणारी लिंक-दांडी, तिन्ही काढा. उघडं पडलेलं भोक ५ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीने, नवी ओ-रिंग (रबरी कडी) घालून बंद करा. लेथवाला अर्ध्या तासात पट्टी करून देतो, पंपच माप म्हणून सोबत न्या.

सगळा जीव अडकतो तो पुढच्या कामात. पंपातून तेलाच्या तीन बारीक नळ्या इनटेक मॅनिफोल्डवरच्या (हवा-पेट्रोल सिलिंडरकडे नेणाऱ्या भागावरच्या) तीन निपलांवर, म्हणजे छोट्या तोट्यांवर येतात. नळ्या काढल्या की ती निपलं हवा ओढतात. त्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि पकडतो. मग लोक म्हणतात, मिक्सवर इंजिन टिकत नाही. इथे हार्डवेअरच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या टोप्या लावून पाहिल्या. दोन महिन्यांत पेट्रोलच्या वाफेने त्या फुगून मऊ झाल्या, एक तर बोटाने फिरवली तशी निघून आली. आता प्रत्येक निपलावर इंचभर जाड फ्युएल होज, दुसऱ्या टोकाला आत घट्ट बसणारा स्क्रू आणि दोन्हीकडे क्लिप आहे. इंजिन आयडलवर ठेवून निपलांभोवती डब्ल्यूडी-४० फवारा. आवाज बदलला तर तिथून हवा जाते आहे. महिन्यातून एकदा हे करायचंच.

तेलाच्या पातळीचा सेन्सर काढताना वायरी मॅन्युअल बघूनच वेगळ्या करा. चुकलं तर बझर वाजत राहतो आणि इंजिन २००० आरपीएमच्या आसपास अडकतं. वैतागून बझरच तोडू नका, गरम झाल्याची सूचनाही तोच देतो. गोसीखुर्दला जलपर्णीची मुळं इंजिन थंड करणारं पाणी ओढायच्या जाळीत बसतात, तिथे ती सूचना लागतेच.

पहिल्यांदा चालू करण्याआधी कार्ब्युरेटरचे तिन्ही बाऊल (पेट्रोल साठणाऱ्या वाट्या) खालचे स्क्रू सोडून रिकामे करा. त्यात, फिल्टरमध्ये आणि नळीत अजून साधं पेट्रोल असतं. मिक्स टाकी जोडून पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब हाताने दाबत राहा, बाऊलमधून निळसर पेट्रोल येईपर्यंत.

प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. मोटारसायकलचं टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल गावात कुठेही मिळतं, पण ते यात नको. ते हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, त्याची राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते. टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच्या तेलाची खूण) लिहिलेलं बिनराखेचं तेलच घ्या. ते नागपूरहून मागवावं लागतं, म्हणून दोन-तीन डबे घरी ठेवा. मापाला फवारणीच्या औषधाचं जुनं झाकण नको, नवा मापी कप घ्या. अर्धं पेट्रोल, मग तेल, कॅन हलवून मग उरलेलं पेट्रोल. हे काठावर करायचं, डुलत्या बोटीत नाही. मिक्सच्या कॅनला लाल पट्टी बांधा. साधं पेट्रोल चुकून गेलं तर आता वाचवायला पंप नाही.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा धोका मिक्समध्ये जास्त आहे. त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. इंजिनला बिनतेलाचा घोट जातो. पावसाळ्यात टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर टाकीतलं सगळं काढून टाका, वापरू नका. तीन आठवड्यांवरचं मिक्स तसंही वापरू नका.

वापरातला फरक हळू चालताना दिसतो. जाळं ओढताना तासभर आयडलच्या जवळ चाललं की धूर वाढतो, प्लग काळे ओले होतात. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं थ्रॉटल मोकळा केला की साफ होतात. प्लग मॅन्युअलमधल्याच नंबरचे. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबराअखेर १० असेल तर गॅप १ मिमी. फुल थ्रॉटलवरून एकदम बंद करून काढलेला प्लग बिस्किटी रंगाचा हवा. पांढरा आणि त्यावर चकाकणारे ॲल्युमिनियमचे ठिपके दिसले तर इंजिन परत चालू करू नका, आधी निपलं बघा.

काढलेला पंप, गिअर आणि दांडी फेकू नका. नवा पंप मिळून परत बसवलात, तर पहिली पूर्ण टाकी मिक्सचीच चालवा, आणि तेलाच्या टाकीतलं तेल रेघेखाली उतरलेलं दिसल्यावरच साधं पेट्रोल भरा.