कुठल्या उचापती नवऱ्यापासून सुरुवात करावी? जुन्या अमेरिकी रेडिओवरच्या तीन संसारांची तुलना

जुन्या अमेरिकी रेडिओवरच्या विनोदी मालिका ऐकायच्या आहेत, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मालिकेचं नाव सांगण्याआधी मी एक गोष्ट विचारून घेते. दिवसभराच्या कामानंतर कानाशी कुणाचा आवाज हवाय? नवऱ्याच्या उचापतींना हसत साथ देणाऱ्या बायकोचा, त्याला पोटाशी धरणाऱ्या बायकोचा, की रात्री दोन वाजता त्याच्याशी भांडणाऱ्या बायकोचा? या मालिकांमधले नवरे तसे एकाच मुशीतले. हाती काही नसताना मोठे बेत आखायचे, दहा जणांनी समजावलं तरी ऐकायचं नाही आणि शेवटी तोंडघशी पडायचं. कार्यक्रमाचा पोत ठरतो तो बायकोमुळे. वर्षानुवर्षं ऐकून माझं हे मत पक्कं झालंय.

तुलनेला तीन कार्यक्रम घेतलेत. 'फिबर मॅकगी अँड मॉली', 'द लाइफ ऑफ रायली' आणि 'द बिकरसन्स'. तिन्ही श्राव्य विनोदाच्या सुवर्णकाळातले, तिन्हींची रेकॉर्डिंग इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात, आणि तिन्हींमध्ये घरातला नवरा हाच उत्पाताचं मूळ.

'फिबर मॅकगी अँड मॉली' १६ एप्रिल १९३५ ला एनबीसी या अमेरिकी रेडिओ कंपनीवर सुरू झाला. नवरा-बायकोची कामं करणारे जिम आणि मॅरियन जॉर्डन खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको होते, इलिनॉयमधल्या पिओरिया गावचे. लेखक डॉन क्विन. पत्ता ७९ विस्टफुल व्हिस्टा. हा पत्ता इतक्या वेळा कानावर पडतो की काही दिवसांनी तो आपल्या नातेवाइकाचाच वाटायला लागतो. मॅकगी कामाला कुठे जातो हे कळत नाही, कारण तो जातच नाही. दर मंगळवारी रात्री त्याच्या डोक्यात नवं काहीतरी शिरतं. घड्याळ घरीच दुरुस्त करायचं, सवलतीत एखादी वस्तू मिळवायची, नाहीतर कुणाशी तरी पैज लावायची. मग दारावरची घंटा वाजते, एकामागून एक शेजारी येतात, प्रत्येक जण त्या बेताला धक्का देऊन जातो. कथानक म्हणावं तर एवढंच.

यातला कपाटाचा विनोद सगळ्यात प्रसिद्ध. हॉलमधलं कपाट कुणीतरी उघडतं आणि आतलं सामान धडाधड बाहेर कोसळतं. माझ्या आईला इंग्रजी फारसं समजत नाही. एकदा स्वयंपाकघरात ती शेंगा सोलत बसली होती आणि मी स्पीकरवर एक भाग लावला होता. कपाट उघडलं. आधी एक-दोन वस्तू घरंगळल्याचा आवाज, मग डबे, मग काहीतरी जड, मग सगळा ढीग एकदम. शांतता झाली असं वाटतं तोच शेवटचा एक डबा निवांतपणे गडगडत येतो आणि सगळ्यावर कळस म्हणून एक बारीकशी घंटा किणकिणते. आईचे हात थांबले. म्हणाली, "अगं, हा तर आपला माळा!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत असंच होतं. एकही शब्द न कळता विनोद कळला. तो पडदा नसलेल्या माध्यमासाठीच जन्मलेला होता म्हणून. ते कपाट दिसलं असतं तर त्यात मावेल एवढंच सामान पडलं असतं. कानांच्या कपाटाला तळ नसतो.

पण मी हा कार्यक्रम पहिल्या क्रमांकावर ठेवते तो कपाटासाठी नाही, मॉलीसाठी. मॅकगीच्या एखाद्या पडेल कोटीवर ती "टेन्ट फनी, मॅकगी" म्हणते, म्हणजे 'यात हसण्यासारखं काही नाही हं'. हे वाक्य कागदावर वाचलं तर टोमणा वाटेल. मॅरियन जॉर्डनच्या तोंडून ऐकलं की त्यात पंचवीस वर्षांच्या संसाराची ऊब जाणवते. शिवाय ती नुसती शहाणपणा शिकवणारी बायको नाही. महापौर ला ट्रिव्हिया घरी येतात ते प्रसंग ऐका. (न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर ला गार्डिया, त्यांच्या नावावरची ही कोटी.) गेल गॉर्डन हे काम करायचे. महापौर बोलता बोलता एखादा वाक्प्रचार वापरतात, मॅकगी तो शब्दशः घेतो, आणि मॉलीही साळसूदपणे त्याच्या बाजूने उभी राहते. महापौर समजावायला जातात, दोघं आणखी गोंधळ घालतात, महापौरांची जीभ अडखळते, शब्दांची अदलाबदल होते, आवाज चढत जातो आणि शेवटी नुसती वाफ उरते. मग लांबलचक शांतता. त्या शांततेत प्रेक्षागृह हसून हसून लोळतं. हे दोघांचं संगनमत आहे, आणि मला ते संसाराचं फार खरं चित्र वाटतं.

मॉलीचं महत्त्व पटवायला दुसरा पुरावा मालिकेनेच ठेवलाय. नोव्हेंबर १९३७ पासून एप्रिल १९३९ पर्यंत मॅरियन जॉर्डन आजारपणामुळे कार्यक्रमात नव्हत्या आणि त्या काळात तो 'फिबर मॅकगी अँड कंपनी' या नावाने चालला. मॅकगी तोच, लेखक तोच, विनोद तसेच. तरी घर रिकामं वाटतं. नव्या श्रोत्याने ही दीड वर्षं सरळ गाळावीत. १९४० पासून पुढचे भाग घ्यावेत.

टीनी नावाची शेजारची छोटी मुलगीही मॅरियन जॉर्डनच करायच्या. मॉली खोलीबाहेर गेली की टीनी हमखास येते आणि प्रश्न विचारून विचारून मॅकगीला भंडावते. टेलिफोनचा प्रकारही खास आहे. मॅकगी फोन उचलतो, पलीकडे ऑपरेटर मर्ट असते आणि फोनवरचा तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तिच्या घरच्या कुणावर तरी मोठं संकट आलंय असं मॅकगीच्या बोलण्यावरून वाटतं, मॉली काळजीने विचारते, आणि मग ते संकट म्हणजे निव्वळ शब्दांचा खेळ निघतो.

जाहिरातींबद्दल एक सूचना. १९३५ ते १९५० या कार्यक्रमाला जॉन्सन्स वॅक्स या लादीच्या पॉलिशचं प्रायोजकत्व होतं, आणि निवेदक हार्लो विल्कॉक्स शेजारी म्हणून घरातच येतो. विषय काहीही असो, तो गाडी लादी चकचकीत करण्यावर आणून सोडतो, आणि मॅकगी वैतागतो. ती जाहिरात पुढे ढकलून ऐकू नका, तोही विनोदाचा भाग आहे.

युद्धाच्या वर्षांतले भाग मला वेगळ्या कारणासाठी मोलाचे वाटतात. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकेत देशभर पेट्रोलचं रेशनिंग लागू झालं. त्याच सुमाराच्या भागात मॅकगी आठवड्याला चारच गॅलन मिळणार म्हणून थयथयाट करतो, आणि घरी येणारा प्रत्येक जण त्याला आपापल्या परीने झापतो. सरकारी प्रचार होता तो, लपवलेलाही नव्हता. पण लोकांना उपदेश ऐकवण्यासाठी त्यांच्यातल्याच एका हट्टी माणसाला चूक करू देणं ही रीत किती सुज्ञ होती! रेशनच्या रांगांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना हा भाग जवळचा वाटेल.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असू द्या. १९४४ पासून यात ब्यूला नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण येते आणि तिचा आवाज काढणारा मार्लिन हर्ट हा गोरा पुरुष होता. त्या काळी स्टुडिओतले प्रेक्षक त्यावर खदखदून हसले. मला ते प्रवेश ऐकवत नाहीत, मी पुढे जाते. नव्या श्रोत्याने १९४० ते १९४३ हा टप्पा धरला तर ही अडचण येत नाही.

आता रायली. 'द लाइफ ऑफ रायली' रेडिओवर जानेवारी १९४४ ते १९५१ चालला. चेस्टर रायली हा कॅलिफोर्नियातल्या विमान कारखान्यात रिव्हेट ठोकणारा कामगार. रायलीचं काम करणाऱ्या विल्यम बेंडिक्सचा तो जाडाभरडा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या वळणाचा आवाज म्हणजे या कार्यक्रमाचा अर्धा जीव. निर्माता आयर्विंग ब्रेकर याने मूळ कल्पना विनोदी नट ग्राउचो मार्क्सला डोळ्यांसमोर ठेवून रचली होती हे आता खरं वाटत नाही, इतका बेंडिक्स त्यात मुरलाय.

मॅकगी आणि रायली यांच्यातला फरक पोटापाण्याचा आहे. मॅकगीला महिनाअखेरची चिंता नाही. रायलीला आहे. त्याला मुलगी बॅब्ज आणि मुलगा ज्युनियर, घराचा खर्च, कामावर साहेबाची मर्जी. तो अर्धवट काहीतरी ऐकतो, त्यावरून भलताच निष्कर्ष काढतो, मित्र गिलिसचा चुकीचा सल्ला घेतो आणि करायला जातो गणपती, होतो मारुती. मग त्याचं ठरलेलं वाक्य येतं, "व्हॉट अ रिव्होल्टिन डेव्हलपमेंट धिस इज!" आपल्या भाषेत, 'काय ही नसती पंचाईत होऊन बसली!' हसू येतं, पण त्याच्या मागे मुलांसाठी जीव तुटणारा बाप दिसत राहतो. मॅकगीच्या उचापती हौसेच्या, रायलीच्या मायेच्या.

रायलीची बायको पेग, म्हणजे पॉला विन्स्लो, ही तिघींमधली सगळ्यात सोशिक. तिला नवऱ्याची मर्यादा पुरती ठाऊक आहे, आणि तो मुलांसमोर उघडा पडू नये म्हणून ती सांभाळून घेते. माझी एक तक्रार आहे. पेगला स्वतःचे विनोद फार कमी मिळाले. मॉली खेळात उतरते, पेगला बऱ्याचदा काठावर उभं राहून वाट पाहावी लागते. ज्यांना मॉली आवडली त्यांना इथे काहीतरी कमी पडल्यासारखं वाटेल.

ही उणीव भरून काढतो डिगर ओ'डेल. हा धंद्याने अंत्यसंस्कार करणारा, आणि गिलिसचं काम करणारा जॉन ब्राउनच हेही पात्र करतो. रायली अगदी खचलेला असतो तेव्हा थडग्यातून यावा तसा खोल, मऊ आवाज येतो. तो रायलीच्या तब्येतीचं कौतुक करतो, 'छान दिसतोस, अगदी नैसर्गिक'. मृतदेह सजवणाऱ्याच्या तोंडी हे शब्द! निघताना कुदळ-फावड्याची कोटी करून जातो. चार मिनिटांचा प्रवेश, पण त्यासाठी अख्खा भाग ऐकावा. टीव्हीवरही रायली गेला, १९४९ मध्ये आधी जॅकी ग्लीसनला घेऊन आणि १९५३ पासून स्वतः बेंडिक्सला घेऊन, तरी माझ्या मते तो कानांनीच भेटावा असा माणूस आहे.

बिकरसन्स हे वेगळंच प्रकरण. लेखक फिलिप रॅप. सप्टेंबर १९४६ मध्ये 'ड्रीन टाइम' या कार्यक्रमातला एक छोटा प्रवेश म्हणून सुरू झालं. नवरा जॉन झालाय डॉन अमीची, बायको ब्लँच झालीय फ्रान्सिस लँगफर्ड. मध्यरात्र, अंधारी झोपायची खोली. जॉन घोरतोय. ते घोरणं साधं नाही, आधी गुरगुर, मग केविलवाणं कण्हणं आणि शेवटी झोपेतच खुदकन हसू. ब्लँचला झोप नाही. ती त्याला उठवते आणि वर्षानुवर्षांचे हिशेब सुरू होतात, पैसे, माहेर, दारू, मांजर, प्रेम उरलंय की नाही. जॉनच्या उचापती इथे डोळ्यांसमोर घडत नाहीत. त्या आधीच फसलेल्या असतात आणि रात्री त्यांची उलटतपासणी होते.

कारागिरी म्हणून हे लेखन तिघांत सर्वात धारदार आहे. एक शब्द जास्त नाही. शेजारी नाहीत, दारावरची घंटा नाही, दोन आवाज आणि पलंग. पण सलग तीन प्रवेश ऐकले की मला गुदमरायला होतं. ब्लँच एकटी पडलेली बाई आहे हे लँगफर्ड इतकं खरं करून ठेवते की हसता हसता घशात अडकतं. एका वेळी एकच ऐका. घरात सध्या खरोखरच कुरबुरी चालू असतील तर हे राहू द्या.

भाषेचं म्हणाल तर आपल्या कानांना बिकरसन्स सर्वात सोपे, उच्चार स्वच्छ. रायलीची बोली पहिले दोन भाग जड जाते, मग सवय होते. मॅकगी मधूनच एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांची गाडी भरधाव सोडतो. ती कळली नाही तर सोडून द्या, प्रेक्षकांनाही त्यातला वेगच आवडायचा. वेळ म्हणाल तर पहिले दोन अर्ध्या तासाचे, बिकरसन्सचा प्रवेश आठ-दहा मिनिटांचा. आणि प्रेक्षकांच्या हसण्याचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी एक आडवाट सांगते. १९५३ ते १९५६ या काळात मॅकगी-मॉली रोज पंधरा मिनिटांच्या रूपात यायचे, प्रेक्षकांशिवाय. तिथे दोघं हळू, निवांत बोलतात, आपण शेजारच्या खोलीत बसलोय असं वाटतं. आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भाऊजी, मीनावहिनी आणि पंत यांचे आवाज ज्यांच्या कानात अजून आहेत, त्यांना ही घरगुती लय लगेच आपली वाटेल.

फिल हॅरिस आणि ॲलिस फे यांचा कार्यक्रमही याच जातकुळीतला, पण त्यात गाणी आणि सिनेमातलं वलय जास्त. 'माय फेव्हरिट हजबंड'मध्ये उचापती बायको करते, म्हणून तो इथे बसत नाही. दोन्ही नंतर.

माझा सल्ला स्पष्ट आहे. आधी मॉली, मग रायली, आणि मधूनमधून एखाद्या रात्री एक बिकरसन. पहिला भाग ५ मार्च १९४० चा घ्या. त्या दिवशी ते कपाट पहिल्यांदा कोसळलं. मॉली शब्दकोश शोधायला म्हणून दार उघडते आणि मॅकगीने जमवलेलं सगळं सामान तिच्याच अंगावर येतं. तो तक्रार करतो की सगळं कसं नीट लावून ठेवलं होतं. त्या ढिगाखालून तिचा आवाज कसा येतो, तेवढा कान देऊन ऐका.