जळगावात कुरळ्या केसांच्या पोरांसाठी चांगलं सलून
रिंग रोडजवळचं छोटं सलून आहे, पोरीचे केस एकदम कुरळे म्हणून मुद्दाम लिहितेय. इथला दादा आधी केस कोरडे असतानाच वळण कुठं कसं पडतं ते बघतो अन मग थोडं थोडं कापतो, कारण कुरळे केस ओले असले की लांब दिसतात, वाळले की वर चढतात, बाकीच्या ठिकाणी ओले करून ताणून कापतात मग घरी येईस्तोवर कपाळावर बोटभर झालर उरते. थिनिंगची, म्हणजे केस विरळ करायची दातेरी कात्री लावली नाही हे फार आवडलं, त्याने केस अजून पिंजारतात. गुंता कंडिशनर लावून मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून सोडवला, पोरगी रडली नाही हो! एसी नाही, मे महिन्यात दुपारी नका जाऊ. पैसे जरा जास्त, पण मी देईन.