परिषद खरी, हॉटेलचं बुकिंग खोटं: परदेशी जाणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

मटेरियल्स सायन्समध्ये पीएचडी करणाऱ्या आणि अशा मुलामुलींना परदेशी परिषदांना पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. माझ्या एका विद्यार्थिनीची डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टनला फसवणूक झाली. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे, नाव मात्र देत नाही. पैसे गेले याचं दुःख आहेच. पण ते कुठल्या वाटेने गेले हे नीट समजून घेतलं नाही, तर पुढच्या वर्षी आणखी कुणाचे तरी जातील.

बनावट परिषदांबद्दल आता आपल्याकडे बऱ्यापैकी जाग आली आहे. 'आपल्याला प्रमुख वक्ते म्हणून आमंत्रित करण्यात आनंद होत आहे' असा मेल आला की दुसऱ्या वर्षाची पोरंसुद्धा तो न उघडता काढून टाकतात. परिषदा भरवणाऱ्या आणि जर्नलं काढणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, संशोधकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१६ मध्ये दावा लावला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला, हे प्रकरण मी स्वतः दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. आमच्या बाबतीत तसलं काहीच नव्हतं. परिषद होती मटेरियल्स रिसर्च सोसायटीची, म्हणजे एमआरएसची. ही संस्था १९७३ पासूनची आहे. तिचं शरद ऋतूतलं अधिवेशन बॉस्टनच्या हाइन्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं आणि जगभरातून हजारो संशोधक तिथे येतात. तिथे पोस्टर लागणं, म्हणजे आपलं संशोधन एका मोठ्या तक्त्यावर मांडायला मिळणं, ही आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या विभागासाठी मोठी गोष्ट. परिषदेवर शंका घ्यायला जागाच नव्हती, आणि भामट्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.

अशा परिषदेचा कार्यक्रम काही महिने आधी सगळ्यांसाठी खुला होतो. कोणत्या सिम्पोझियममध्ये, म्हणजे कोणत्या विषयाच्या सत्रात, कुणाचं पोस्टर, कोणत्या वारी, कोणतं विद्यापीठ, सगळं त्यात असतं. ईमेल शोधायला फार लांब जावं लागत नाही, छापून आलेल्या पेपरवर तो असतोच. एवढं हाताशी आलं की कुणालाही अगदी आतल्या माणसासारखं पत्र लिहिता येतं. तिला आलेल्या मेलमध्ये तिच्या पोस्टरचं पूर्ण शीर्षक होतं, निकेल कोबाल्ट ऑक्साइडच्या थिन फिल्मसकट. पोस्टरचा वार होता. खाली लिहिलं होतं की आपण अजून खोली घेतलेली दिसत नाही, परिषदेच्या सवलतीच्या दरातल्या खोल्या संपत आल्या आहेत, पोचण्याची आणि निघण्याची तारीख कळवा म्हणजे आम्ही पुढचं पाहतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात परिषदेच्या नावाची अक्षरं होती आणि पुढे 'हाउसिंग', म्हणजे राहण्याची सोय, हा शब्द.

अमेरिकेत या लोकांना 'हाउसिंग पायरेट' म्हणतात. मोठ्या परिषदांच्या मागे ते लागलेलेच असतात. प्रदर्शनात स्टॉल घेणाऱ्या कंपन्यांना तर ते थेट फोन करतात, शिवाय 'परिषदेला येणाऱ्यांची यादी विकत घ्या' असे मेल वेगळेच. तिथल्या कितीतरी वैज्ञानिक संस्था आपापल्या परिषदेच्या पानावर याबद्दल इशारा छापतात. पण तो इशारा असतो हॉटेलच्या पानावर. ज्याला मेलमधूनच हॉटेल मिळालं, तो त्या पानावर जातो कशाला?

आता कुणी म्हणेल, एवढी शिकलेली मुलगी, एका मेलवर विश्वास कसा ठेवला? हा प्रश्न मला आमच्याच स्टाफरूममध्ये ऐकावा लागला आणि मला त्याचा राग आला. तिच्या बाजूने बघा. अमेरिकेच्या व्हिसासाठी डीएस-१६० हा फॉर्म भरावा लागतो. व्हिसाची फी तेव्हा १८५ डॉलर होती. त्या फॉर्ममध्ये अमेरिकेत कुठे राहणार, तो पत्ता विचारतात. म्हणजे मुंबईला मुलाखतीला जायच्या कितीतरी आधीच मुलं राहण्याच्या काळजीत पडतात. त्यात आपल्या रिसर्च स्कॉलरकडे क्रेडिट कार्ड नसतं. फेलोशिप महिनोन्महिने येत नाही, तिथे बँक कार्ड देणार कुणाच्या भरवशावर? आणि अमेरिकेतली हॉटेलं खोली राखून ठेवायला बहुतेक वेळा क्रेडिट कार्डच मागतात. या मेलवाल्यांनी मात्र कळवलं की फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेलं परकीय चलनाचं कार्ड, चालेल, सगळे पैसे आधी भरा, व्हिसासाठी लागणारं पत्रही आम्हीच देऊ. तिच्या दोन्ही अडचणी एका झटक्यात सुटल्या. ज्याला नड जास्त, तोच अशा जाळ्यात आधी सापडतो.

मग आला दोन पानी पीडीएफ फॉर्म. वर परिषदेचा लोगो, खाली कार्डाचा नंबर, मुदत, कार्डामागचा तीन आकडी नंबर आणि सही यांच्या जागा. सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो जोडायचा. बारीक अक्षरात एक ओळ: रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही. पाच रात्रींचे ९०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ७५ हजारांच्या वर रुपये, दोन दिवसांत कार्डावरून गेले. हे पैसे तिच्या वडिलांनी गावच्या पतसंस्थेतून काढले होते. प्रवास अनुदानात विमानभाडं आणि नोंदणी फी मिळणार होती, तीही परत आल्यावर बिलं आणि बोर्डिंग पास जोडून. राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

कन्फर्मेशनचं पत्र मी नंतर बारकाईने पाहिलं. हॉटेलचं नाव खरं, पत्ता खरा, खोलीचा प्रकारही बरोबर. कन्फर्मेशन नंबरही होता, पण तो हॉटेलचा नव्हता, त्या लोकांनीच दिलेला होता. मदतीसाठी दिलेला फोन ७०२ ने सुरू होत होता. तो लास व्हेगासचा कोड आहे, बॉस्टनचा ६१७. हॉटेलचा स्वतःचा फोन नंबर पत्रात कुठेही नव्हता, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी खूण हीच. ज्याने खरी खोली घेऊन दिली आहे, तो हॉटेलचा नंबर लपवेल कशाला?

पहाटे साडेपाचच्या सुमारास मला तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते. काउंटरवर तिचं नावच निघत नव्हतं. 'मॅडम, ते म्हणतात असं बुकिंगच नाही, मी काय करू?' आवाज अगदी बारीक झाला होता. बाहेर थंडी, हातात बॅग आणि कापडावर छापून घडी केलेलं पोस्टर. त्या आठवड्यात शहरातल्या खोल्यांचे दर तिच्या आवाक्याबाहेर होते. आमच्या विभागातून पूर्वी तिकडे गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीने बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅमला एका मराठी कुटुंबाकडे तिची सोय झाली. त्या काकू-काकांचे उपकार आम्ही विसरणार नाही. फ्रेमिंगहॅमहून बॅक बे स्टेशनपर्यंत लोकल आहे आणि तिथून परिषदेची जागा चालत जाण्यासारखी. पण तिथली पोस्टरची सत्रं रात्री असतात. शेवटची गाडी चुकू नये म्हणून तिने पोस्टर वेळेआधी काढलं. ज्या गटाशी पोस्ट-डॉकबद्दल, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेबद्दल, बोलायचं म्हणून ती सहा महिने तयारी करत होती, ते लोक नंतर येऊन गेले असणार. हे नुकसान कुठल्या फॉर्ममध्ये भरायचं?

त्या रात्री एक काम मात्र फार मोलाचं झालं. निघण्यापूर्वी तिने काउंटरवरच्या माणसाकडून हॉटेलच्या लेटरहेडवर लिहून घेतलं की या नावाने, या तारखांना, या नंबरचं कोणतंही आरक्षण आमच्याकडे नाही. खाली तारीख आणि सही. दुसऱ्या दिवशी परिषदेच्या नोंदणी काउंटरवरही तिने मेल दाखवला. हा आमचा पत्ता नाही, असं त्यांनी लगेच सांगितलं आणि तसा मेलही पाठवला.

इकडे तिच्या भावाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली. पहिलं उत्तर असं आलं की कार्डाची माहिती तुम्ही स्वतः दिली आहे, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार होत नाही. इथे बरेच जण हात टेकतात. कामाच्या तीन दिवसांत कळवा म्हणजे तुमची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आपण ऐकलेला असतो. पण तो तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारासाठी आहे. आपण स्वतः पैसे दिले आणि त्याबदल्यात सेवा मिळाली नाही, हे प्रकरण वेगळं. त्यासाठी कार्ड कंपन्यांच्या नियमांत चार्जबॅकची, म्हणजे दिलेली रक्कम बँकेमार्फत परत मागण्याची, स्वतंत्र सोय आहे आणि तिची मुदत साधारणपणे सेवा मिळायची होती त्या तारखेपासून मोजतात. आम्ही तक्रार पुन्हा दाखल केली, या वेळी 'सेवा मिळाली नाही' या कारणाखाली. हॉटेलचं पत्र, परिषदेचा मेल आणि सगळा पत्रव्यवहार जोडला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची नोंद आणि एफबीआयच्या ऑनलाइन तक्रारीची पोचही लावली. एप्रिलमध्ये रक्कम परत आली, चलन बदलण्याचा खर्च वजा होऊन. पतसंस्थेचं व्याज अर्थातच घरच्यांनी भरलं.

विद्यापीठांना माझं कळकळीचं सांगणं आहे की परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचं हॉटेल विभागाच्या किंवा विद्यापीठाच्या कार्डावरून बुक करून द्या, पैसे नंतर त्याच्याकडून घ्या. अनुदानाच्या फायली तपासायला आपल्याकडे चार-चार सह्या लागतात. मग हे एक काम कुणाकडेच का नसावं?

बॉस्टन असो वा फ्रान्समधलं स्ट्रासबूर्ग, हॉटेलची लिंक परिषदेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आपण होऊन जाऊन उघडा, मेलमधून नको. परिषदेच्या ठरलेल्या हॉटेलांत बहुतेक वेळा कार्ड फक्त हमी म्हणून घेतात आणि बिल तिथे राहिल्यावर होतं. पाचही रात्रींचे पैसे आधी आणि परत न मिळण्याच्या अटीवर कुणी मागत असेल, तर तिथेच थांबा. पासपोर्टची प्रत मेलवर पाठवू नका, तो काउंटरवर दाखवायचा असतो.

आणि ज्यांनी असा फॉर्म आधीच भरून पाठवला आहे, त्यांनी प्रवासाच्या तारखेची वाट पाहू नये. हॉटेलचा नंबर स्वतः शोधून आजच फोन लावा आणि आपलं आडनाव व तारखा सांगून विचारा. आरक्षण असलं तरी खोली कुणी घेतली आहे आणि ती नंतर रद्द करता येते का, हेही विचारा, कारण काही जण खोली घेऊन नंतर परस्पर रद्द करतात. बुकिंग नसेल तर तसं मेलवर लिहून मागा, कार्ड लगेच ब्लॉक करा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेच्या डिस्प्यूट फॉर्मवर कारण लिहिताना 'अनधिकृत व्यवहार' नको, 'सेवा मिळाली नाही' असं लिहा.