माझ्या हेल्मेटवर पाण्याच्या बाटलीचा नंबर

मागच्या दिवाळीत ई-बाईक घेतली. घरापासून शाळा साडेतीन किलोमीटर, तेवढ्यासाठी २५० वॅटची, ताशी २५ च्या आतली बारकी गाडी पुरे. असल्या गाडीला पासिंग लागत नाही, लायसन्स लागत नाही, आणि माझ्या फसवणुकीची सुरुवात इथूनच झाली.

शोरूमशेजारच्या दुकानात हेल्मेट बघायला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्या गाडीला पोलीस अडवत न्हाईत. कशाला दोन हजाराचं ओझं डोक्यावर? हे घ्या, फुलासारखं हलकं. आयएसआय हाय की." मागच्या बाजूला खरंच चकचकीत आयएसआयचं स्टिकर होतं, त्याखाली 'डॉट'चं आणखी एक. नऊशे सांगितले, साडेसहाशेला दिलं. बिल मागितलं तर चिठोऱ्यावर '१ नग ६५०' एवढंच खरडून दिलं. ना दुकानाचं नाव, ना शिक्का. मी आपली अडीचशे वाचले म्हणून खूश. (घासाघीस करून फसलेल्या माणसाला फसल्याचं कळायला जास्त वेळ लागतो, हे मी स्वतःवरून सांगते.)

आठ महिने घातलं. पावसाळ्यात कुबट वास यायला लागला म्हणून अस्तर धुवायला काढलं. चांगल्या हेल्मेटचं अस्तर बटणांनी निघतं. हे गोंदानं चिकटवलेलं होतं, ओढल्यावर टरकन फाटलं. आत टाळूवर थर्माकोलचा बोटभर जाडीचा गोल तुकडा. टीव्हीच्या खोक्यात येतो तसला, नखानं दाणे सुटणारा. कानांवर आणि मागे थर्माकोल नाहीच, नुसता स्पंज आणि त्यामागे पुठ्ठा. पुठ्ठा पावसानं भिजून फुगलेला, वास त्याचाच.

भाचा आला होता. त्यानं मोबाईलवर, आयएसआय खूण देणाऱ्या सरकारी मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' अ‍ॅप उघडलं. खऱ्या आयएसआय खुणेवर 'आयएस ४१५१' हा मानक क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' लिहून बनवणाऱ्या कंपनीचा लायसन्स नंबर. माझ्या स्टिकरवर दोन्ही होतं. त्यानं नंबर टाकला आणि हसायलाच लागला. "मावशी, हा नंबर बाटलीबंद पाणीवाल्याचा आहे!" अ‍ॅपवर त्या नंबरापुढे मानकाच्या जागी आयएस १४५४३, म्हणजे बाटलीबंद पिण्याचं पाणी. कुणीतरी पाण्याच्या बाटलीवरचा नंबर उचलून हेल्मेटच्या स्टिकरवर छापला होता.

'डॉट'चंही तसंच. ती अमेरिकेची खूण, आणि तिथेही कंपनी स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देते. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, त्यामुळे दुसरी कुठलीही खूण दाखवून कुणी भुलवत असेल तर तिथून निघावं. आणि नंबर खरा असला तरी लायसन्स चालू आहे का तेही त्याच अ‍ॅपवर बघावं. मुदत संपलेला किंवा रद्द झालेला नंबरही छापला जातो.

चिठोरं घेऊन दुकानात गेले. "ताई, आमी काय फॅक्टरी चालवतो व्हय? वरनं माल येतो तसा विकतो." पैसे मिळाले नाहीत. अ‍ॅपवरच तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबरही फिरवला. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच.

आता चीड त्याची येते तेवढीच स्वतःची. गाडी हळू चालते म्हणून हेल्मेट कसलंही चालेल, हे मी मान्य कसं केलं? बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून चार-पाच फुटांवर असतं. कुत्रं आडवं आलं की तिथून ते डांबरावर आपटायला वेग लागत नाही. हेल्मेटमधलं दाट थर्माकोल दबून, चुरगळून तो धक्का स्वतःवर घेतं, म्हणून तर एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं. माझ्या हेल्मेटात चुरगळायला होता तो भिजलेला पुठ्ठा.

नवं घेताना शिंप्याची टेप घेऊन गेले. भुवयांच्या वर कपाळावरून मागे फिरवली, ५७ सेंटीमीटर भरलं, म्हणजे हेल्मेटचं ५८० मिलिमीटरचं माप. जुनं बहुतेक ६०० चं असावं, अंबाड्यावर घालता यायचं म्हणून मला सोयीचं वाटायचं. आता अंबाडा सोडून खाली वेणी घालते. पट्टा लावून मागून पुढे ढकलून बघितलं, निघालं नाही. मान हलवली तर गालांची कातडी हेल्मेटबरोबर सरकली. तेराशे रुपये, पक्कं बिल, आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच उभ्यानं नंबर तपासला. दुकानदार म्हणाला, "बघा की मॅडम, निवांत बघा."

जुनं भंगारवाल्यानं मागितलं होतं. दिलं नाही, पट्टा कापून, विळीनं आतलं सगळं खरवडून टाकलं. परवा त्या पहिल्या दुकानावरून गेले. दोरीला तसलीच दहा-बारा ओवून टांगलेली. दर आता साडेपाचशे.