गाणं डेडिकेट करायचंय: स्टेटसला की थेट तिलाच?

ताईची शेवटची केमो झाली त्या संध्याकाळी मला तिला एक गाणं द्यायचं होतं. गाणं ठरलेलंच होतं, लहानपणी आम्ही दोघांनी रेडिओवर ऐकलेलं. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावायचं की तिला एकटीला पाठवायचं, एवढंच ठरत नव्हतं. मी स्टेटसला लावलं.

स्टेटसमध्ये मान आहे, हे मी आजही नाकारत नाही. चारचौघांत कुणी आपल्यासाठी गाणं लावलं की बरं वाटतंच. २४ तासांनी ते जातंही. स्टेटस बघणाऱ्यांतून मी काही नावं वगळली होती, ताईचं नाव लिहिलं नव्हतं. 'सहा महिने झुंजलीस' एवढंच लिहिलं होतं. एका नातेवाइकाने त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. स्टेटसचा स्क्रीनशॉट कुणी घेतला तर आपल्याला कळतही नाही. ताईने सासरी आजाराबद्दल मोजक्याच माणसांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिला चौकशीचे फोन सुरू झाले. ती मला काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

ठरावीक माणसांनाच स्टेटस दाखवायची सोय आहे, तुम्हाला कदाचित ती पुरेल. नावं वगळण्याच्या यादीवर मात्र फार विसंबू नका. नंतर सेव्ह केलेला नवा नंबर आपोआप बघणाऱ्यांत येतो.

थेट पाठवलेला मेसेजही फॉरवर्ड होतो, हे खरं. एकदाच ऐकता येणारा व्हॉइस मेसेज फॉरवर्ड होत नाही, पण जे पुन्हा ऐकावंसं वाटेल ते एकदाच का ऐकवायचं? म्हणून मी मजकूरच असा लिहितो की परक्याच्या हाती पडला तरी त्याला काही उलगडू नये. आकाशवाणीच्या 'आपली आवड'मध्ये फर्माईश करणाऱ्यांची नावं-गावं वाचली जायची, गाणं कुणासाठी ते ज्याचं त्याला कळायचं. तसंच काहीसं. आजार, तारीख, दवाखाना यांतलं काही नाही. 'दुसरं कडवं लागलं की नळाच्या रांगेतली कळशी आठव', बास. यूट्यूबच्या लिंकमध्ये शेवटी प्रश्नचिन्हापुढे 'एसआय' असलेली, शेअर केल्याचा माग ठेवणारी अक्षरं येतात, तीही मी काढून टाकतो. गाणं तरीही उघडतं.

या भाऊबीजेला असंच पाठवलं. उत्तरादाखल ताईने ते कडवं स्वतः गाऊन पाठवलं. ते मी अजून कुणालाच ऐकवलेलं नाही.