भद्रकालीतील अत्तराचे दुकान आणि ‘अंबर’ची कुपी

जुन्या नाशकात भद्रकालीच्या बाजूला अत्तराची जी मोजकी दुकाने उरली आहेत, त्यांपैकी एका लहानशा दुकानातून मी ‘अंबर’ या नावाने विकले जाणारे अत्तर घेतले. हे परीक्षण त्या अत्तराचे आहे आणि ते विकण्याच्या रीतीचेही आहे. अस्सल अंबर देवमाशाच्या पोटात तयार होते, त्यामुळे अंबर म्हटले की देवमाशाचा प्रश्न येतोच, म्हणून मी दुकानदारांना मूळ थेट विचारले. बाटलीचे काचेचे बूच काढण्याआधीच ते म्हणाले, “हे बनवलेलं आहे, दादा. असली अंबर देतो म्हणणारा भेटला, तर तिथे थांबायचं नाही.”

फाया मनगटावर टेकवला की पहिली दहा मिनिटे लोबान आणि व्हॅनिलाचा गोडवा पुढे असतो, आणि तो मला थोडा जास्तच वाटला. तो ओसरल्यावर मात्र खरा ऐवज कळतो: किंचित खारट, कोरड्या लाकडाकडे झुकणारा, अंगाशी राहणारा वास. सकाळी लावलेले अत्तर संध्याकाळपर्यंत टिकते आणि सुती सदऱ्यावर तर धुतल्यानंतरही थोडे मागे राहते. दुकानदारांच्या सांगण्यानुसार यात अम्ब्रॉक्साइड, म्हणजे अंबरासारखा वास देणारा बनवलेला पदार्थ, आहे. क्लॅरी सेज या वनस्पतीतील स्क्लॅरिओलपासून ते तयार करता येते आणि गेली अनेक दशके अंबरच्या वासासाठी सुगंध उद्योग मुख्यतः अशाच पदार्थांवर चालला आहे.

अस्सल अंबर स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या आतड्यात, म्हाकुळांच्या न पचलेल्या टणक चोचींभोवती साचते. ते बाळगणे वा विकणे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. जो गोळा आपसूक किनाऱ्याला लागतो, तो उचलल्याने देवमाशाचे काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. प्रश्न रास्त आहे. परंतु वाळूत सापडलेला गोळा आणि पोट फाडून काढलेला गोळा तराजूत सारखेच दिसतात, आणि एकदा बाजार खुला झाला की मुळाची चौकशी कोणी करत नाही.

व्यावसायिक शिकारीच्या इतिहासात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये बंदीचा निर्णय घेतला आणि ती १९८६ पासून अमलात आली; पण संशोधनासाठीच्या शिकारीला मुभा होती, आणि जपानने त्या मुभेखाली मारलेल्या देवमाशांचे मांस राजरोस विक्रीला येत राहिले. जपानचा अंटार्क्टिकमधील तो कार्यक्रम शास्त्रीय संशोधनासाठी नाही, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला आणि आपल्या सागरी हद्दीत उघडपणे व्यावसायिक शिकार करू लागला. मागणीचे म्हणाल, तर १९६२ मध्ये तिथे दोन लाख टनांहून अधिक मांस खाल्ले गेले होते. आता ते दोन-तीन हजार टनांच्या घरात आहे. एवढ्यासाठी सरकारी पैसा ओतावा का, हा प्रश्न जपानमध्येही विचारला जातो.

साठा संपला तर धंदाच बुडेल, म्हणून शिकारी आपणहून हात राखतील, या युक्तिवादावर माझा विश्वास नाही. गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले की निळ्या देवमाशासारख्या प्राण्याची वाढ व्याजदरापेक्षा मंद असेल, तर निव्वळ नफ्याच्या हिशेबाने सगळे मारून पैसे गुंतवणेच फायद्याचे ठरू शकते. सराफ बाजारात ज्याने व्याजाचा हिशेब पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. शिकारीचे हक्क विकत घेऊन ते न वापरता ठेवण्याची मुभा संवर्धनवाद्यांना द्यावी, असा प्रस्ताव २०१२ मध्ये काही अभ्यासकांनी मांडला होता. तो चतुर आहे, पण जीव वाचवणाऱ्यानेच दरवर्षी पैसे मोजत राहावे, हे मला पटत नाही.

नैतिक बाजू इतकी सरळ नाही. जन्मभर पिंजऱ्यात कोंडलेल्या डुकरापेक्षा समुद्रात मोकळा जगलेला मिंकी व्हेल बरा, असे नॉर्वेचे शिकारी म्हणतात, आणि कत्तलखान्यातील मांस खाणाऱ्याला त्यावर चटकन उत्तर देता येत नाही. माझा आक्षेप मारण्याच्या पद्धतीवर आहे. आइसलँडच्या सरकारी यंत्रणेने २०२२ च्या हंगामात निरीक्षण केलेल्या ५८ फिन व्हेलपैकी सुमारे ४१ टक्के तत्काळ मेले नाहीत, आणि २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारने शिकार काही काळ थांबवली. हलत्या बोटीवरून, हलत्या प्राण्यावर स्फोटक भाला मारून वेदनारहित मरण देण्याची हमी कोण देणार?

आता दुकानाची उणीव. तोंडाने इतके स्पष्ट सांगणारे दुकानदार कुपीवर मात्र ‘खास अंबर’ एवढेच चिकटवतात. घटकांचा उल्लेख नाही, तारीख नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षपेटीवरून नाशिक जिल्ह्यातील नेमकी बाग शोधता येते, मग अत्तराच्या कुपीवर ‘कृत्रिम’ हा शब्द छापायला काय हरकत आहे? मी तसे सुचवले, त्यावर “गिऱ्हाईक बिचकतं” असे उत्तर आले.

सहा मिलीच्या कुपीला साडेतीनशे रुपये पडले, ते टिकाऊपणाच्या मानाने योग्य आहेत. गोड वास नको असणाऱ्यांनी तिथलाच शमामा (जडीबुटी-मसाल्यांचे अत्तर) आधी हुंगून पाहावा. गल्लीत चारचाकी जात नाही आणि शुक्रवारी दुपारी दुकान काही वेळ बंद असते.