लंडनमधला 'सिक्युरिटी ड्रायव्हर': पैसे पाठवण्याआधी एवढं तपासा

आमची कंपनी चाकणची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. परदेश दौऱ्यांची तिकिटं, हॉटेलं, गाड्या हे सगळं मी बघते. गेल्या वर्षी जुलैमध्ये एमडी साहेब आणि आमचे एक्स्पोर्ट मॅनेजर लंडनला जाणार होते. एका जुन्या व्यवहारावरून साहेबांना धमकीचे मेल आले होते, म्हणून संरक्षणाचं प्रशिक्षण घेतलेला ड्रायव्हरच हवा असं ठरलं. त्यात आमची फसवणूक झाली. ती सविस्तर लिहिते आहे, कारण पुण्या-मुंबईच्या अनेक कंपन्यांत हे काम माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर येतं आणि लंडनचे नियम आपल्याला कुणी सांगत नाही.

आम्ही निवडलेल्या लंडनच्या कंपनीची वेबसाइट झकपक होती. मेफेअर या उच्चभ्रू भागातला पत्ता, काळ्या मर्सिडीज, माजी सैनिक ड्रायव्हर, '1998 पासून सेवेत'. फोनवरचा माणूस शांत, सभ्य, प्रत्येक मेलला तासाभरात उत्तर देणारा. कोटेशनमध्ये तीन पर्याय होते: प्रशिक्षित ड्रायव्हर, बुलेटप्रूफ गाडीसह ड्रायव्हर आणि शस्त्रधारी ड्रायव्हर. हा तिसरा पर्याय म्हणजे धडधडीत खोटं. डनब्लेनच्या शाळेत 1996 मध्ये गोळीबार झाला, त्यानंतर 1997 मध्ये ब्रिटननं खासगी पिस्तुलांवर बंदी आणली. तिथे खासगी अंगरक्षक पिस्तूल बाळगूच शकत नाही. आपल्याकडे बँकेच्या दारात बंदूकवाला गार्ड रोज दिसतो, त्यामुळे असा पर्याय वाचून आपल्याला काही खटकत नाही. लंडनसाठी कुणी 'आर्म्ड ड्रायव्हर' देऊ करत असेल तर पुढचं काही वाचूही नका.

आम्ही बुलेटप्रूफ गाडीचा पर्याय घेतला. सगळी रक्कम आगाऊ मागितली गेली. 'विम्बल्डनचे दिवस आहेत, गाडी आज ठरवली नाही तर दुसऱ्याला जाईल,' असं कारण दिलं. ती भरल्यावर दोन दिवसांत आणखी अडीच हजार पौंडांची मागणी आली: गाडीच्या विम्यासाठी अनामत, दौरा संपताच परत. या वेळच्या बिलावर बँक खातं बदललेलं होतं. आधीचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'जीबी'नं सुरू होत होता, हा 'एलटी'नं, म्हणजे लिथुआनियातला, आणि खातेदाराचं नावही वेगळंच. विचारल्यावर 'ही आमची ग्रुप कंपनी' असं उत्तर लेटरहेडवर आलं. ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये पैसे पाठवताना खातेदाराचं नाव जुळतं की नाही ते बँक सांगते. आम्हाला स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून, पाठवताना तशी काही पडताळणी मिळाली नाही. परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा फॉर्म ए२ भरला, पैसे कशासाठी त्याचा पर्पज कोड लिहिला आणि पैसे गेले.

हीथ्रोवर जो माणूस आला त्याच्याकडे साधी मर्सिडीज ई-क्लास होती. आमचे मॅनेजर गाड्यांच्याच धंद्यात मुरलेले. त्यांनी दार लावलं तेव्हाच ओळखलं, कारण चिलखती दार जड असतं, ओढून लावावं लागतं. तशा गाडीच्या काचाही काही सेंटिमीटर जाड असतात आणि उघडल्याच तर चार बोटं खाली येतात. इथे ड्रायव्हरनं पार्किंगचं तिकीट घेताना काच पूर्ण खाली केली. मॅनेजरांनी ओळखपत्र मागितलं तर म्हणाला, आमचं काम गुप्त असतं, कार्ड दाखवत नाही.

हे उत्तर ऐकलं की गाडीतून उतरावं. ब्रिटनमध्ये अंगरक्षकाच्या कामाला सिक्युरिटी इंडस्ट्री अथॉरिटी या खासगी सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा 'क्लोज प्रोटेक्शन' परवाना लागतो. हा कायदा 2001 चा. इतर गार्डना परवान्याचं कार्ड दिसेल असं अंगावर लावावं लागतं; अंगरक्षकाला तसं लावावं लागत नाही, पण ते जवळ बाळगावंच लागतं. ज्याच्या जिवासाठी पैसे घेतले त्याच्यापासूनच ते लपवायचं काही कारण नाही. कार्डावर फोटो, नाव, सोळा आकडी क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. तो क्रमांक अथॉरिटीच्या सार्वजनिक यादीत कुणालाही फुकट तपासता येतो, अगदी पुण्यात बसूनही. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या: हा परवाना माणसाला मिळतो. कंपन्यांसाठी मान्यतेची योजना आहे, पण ती ऐच्छिक आहे. वेबसाइटवर अथॉरिटीचा लोगो दिसला म्हणून तुमच्यासमोर येणारा ड्रायव्हर परवानाधारक ठरत नाही.

गाडीचा हिशेब आणखी वेगळा. लंडनमध्ये भाड्याच्या खासगी गाडीसाठी ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराच्या वाहतूक संस्थेचे तीन परवाने लागतात: बुकिंग घेणाऱ्या ऑपरेटरचा, गाडीचा आणि चालकाचा. तिन्ही त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतात. मॅनेजरांनी हॉटेलवर पोचल्यावर गाडीचा नंबर तिथे टाकला. परवाना नव्हता. म्हणजे अपघात झाला असता तर भाड्याच्या प्रवाशांचा विमाही बहुधा लागू झाला नसता. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो. पैसे गेले ते गेलेच, पण धमक्या आलेल्या माणसाला परवाना नसलेल्या गाडीत, अनोळखी माणसाच्या भरवशावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आलाच नाही. कॅनरी वॉर्फची मीटिंग साहेबांनी साध्या काळ्या टॅक्सीनं गाठली. दौरा संपल्यावर अनामत परत आली नाहीच, उलट 'वेटिंग चार्जेस'चं बिल आलं आणि ते भरलं नाही तर वसुलीची कारवाई करू अशी धमकी.

मग मी कंपनीज हाउसची नोंद उघडली. ब्रिटनमधल्या प्रत्येक कंपनीची माहिती तिथे मोफत दिसते. '1998 पासून सेवेत' असलेली ही कंपनी आमच्या बुकिंगच्या काही महिने आधीच नोंदली गेली होती आणि मेफेअरच्या त्याच पत्त्यावर शेकडो कंपन्या होत्या, म्हणजे तो पत्ता नुसता नावापुरता.

पैसे परत मिळतील का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून असा नियम आहे, की फसवून करून घेतलेल्या पेमेंटची भरपाई बँकांनी 85,000 पौंडांपर्यंत द्यायची. पण तो देशांतर्गत पेमेंटसाठी आहे, आणि व्यक्ती, अगदी छोटे उद्योग आणि संस्था यांच्यापुरता. भारतातून स्विफ्टनं गेलेल्या पैशांना तो लागू नाही. आमच्या बँकेनं रिकॉलची, म्हणजे पैसे परत बोलावण्याची, विनंती पाठवली, पण रक्कम तिथल्या खात्यात जमा झाली होती, आणि मग खातेदाराच्या संमतीशिवाय ती परत येणं फार अवघड. फसवणूक कळल्याबरोबर, मेलामेलीत वेळ न घालवता, आधी बँकेला फोन करा आणि 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सुरुवातीचे तासच काय ते कामाचे असतात.

आता आम्ही पैसे पाठवण्याआधी ड्रायव्हरचा सोळा आकडी क्रमांक, गाडीचा नंबर आणि ऑपरेटरचा परवाना क्रमांक लेखी मागतो आणि तिन्ही स्वतः तपासतो. चोख काम करणारे लगेच पाठवतात. 'सुरक्षेच्या कारणामुळे आदल्या दिवशी कळवू' असं म्हणणाऱ्यांना आम्ही ऑर्डर देत नाही. आमची तक्रार अजून चालू आहे. ती वेबसाइट बंद झाली, पण तेच फोटो आणि तोच मजकूर दुसऱ्या नावानं पुन्हा दिसतो आहे. या वेळी पत्ता नाइट्सब्रिजचा आहे आणि कोटेशनमध्ये शस्त्रधारी ड्रायव्हरचा पर्याय तसाच आहे.